लॅबमधल्या ताईंना जाहीर धन्यवाद

प्रिय ताई,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. सर्जनचे आभार मानून झाले, तुमचे राहिले होते.

खोटे कानातले घातले की माझे कान चिघळतात, जीन्सच्या बटणाखाली कायम खाज. नव्या कृत्रिम गुडघ्याच्या कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूमध्ये थोडं निकेलही असतं हे कळल्यावर माझी झोपच उडाली. भारतात एका लॅबने माझ्या गळ्यात भलंमोठं अ‍ॅलर्जी पॅकेज मारलं होतं. धुळीपासून शेंगदाण्यापर्यंत सगळं. तो रिपोर्ट म्युनिकला तुमच्यापुढे ठेवला, तर तुम्ही चक्क मराठीत म्हणालात, "अहो, यात आयजीई मोजलंय, म्हणजे लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं. धातूची ही अ‍ॅलर्जी टी-पेशींची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची. म्हणून तर पुरळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं." आणि रक्त न घेताच मला त्वचेच्या डॉक्टरांकडे पिटाळलंत.

पॅच टेस्टमध्ये पाठीवर धातूंचे नमुने पट्ट्यांनी चिकटवले, ४८ तासांनी पट्ट्या काढल्या, पुढे ९६ तासांनी पुन्हा पाठ पाहिली. निकेलच्या जागी लालभडक फोड, कोबाल्टचं मात्र धड हो नाही, धड नाही नाही. म्हणून डॉक्टरांनी रक्ताची लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन टेस्ट लिहून दिली, म्हणजे त्याच पेशी धातूला पाहून वाढतात का, ते बघणारी चाचणी.

शुक्रवारी आले तर तुम्ही परत पाठवलंत. जरा रागच आला होता, खरं सांगते! पण पेशी जिवंत पोचायला हव्यात, शनिवार-रविवार नळ्या पडून राहिल्या तर सगळं वाया. सोमवारी रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळ्या हलक्या हाताने उलटसुलट करत तुम्ही पुढचं सांगितलंत: पेशी वेगळ्या काढून धातूंच्या क्षारांबरोबर काही दिवस वाढवायच्या, आणि धातू न घातलेल्या पेशींच्या किती पट वाढ झाली ते मोजायचं. साधारण ३ पटींच्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात.

त्याच दमात हेही बजावलंत, की पॉझिटिव्ह आलं म्हणून इम्प्लांट बिघडेलच असं नाही, आणि निगेटिव्ह म्हणजे हमी नव्हे. आपल्याच चाचणीची मर्यादा आपणहून सांगणारं लॅबमधलं माणूस मला तरी आधी भेटलं नव्हतं.

निकेल पॉझिटिव्ह, कोबाल्ट निगेटिव्ह आलं. सर्जननी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून टायटॅनियम नायट्राइडचा लेप असलेला गुडघा निवडला.

सोबत चकल्या पाठवतेय. डबा परत द्यायची घाई नाही.

तुमची,
सोमवारची पेशंट