पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवाला कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडवर पानभर लेख बघून आधी बरं वाटलं, मराठी पेपरात सायकेडेलिक रॉकला एवढी जागा देतं कोण. पण वाचून झाल्यावर परत वरपासून बोट फिरवत गेलो की त्यांचा कीबोर्डवाला रिचर्ड राइट कुठे आहे. अख्ख्या लेखात नाही. फक्त फोटोखाली नाव आहे आणि तेही चुकीच्या माणसाला चिकटलंय, त्यावर शेवटी येतो.

लेखातली गोष्ट नेहमीचीच, गाणी लिहिणारा गिटारवाला सिड बॅरेट आला, एलएसडी या नशेने त्याचं डोकं गेलं, मग बेस वाजवणारा रॉजर वॉटर्स मोठा झाला, मग त्याची आणि सिडच्या जागी आलेल्या डेव्हिड गिलमोरची भांडणं. खोटं काही नाही त्यात. पण बँड म्हणजे फक्त भांडणारी माणसं नव्हेत ना राव. मी वीसेक वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, वडील भजनी मंडळात पेटीवर असायचे, त्यामुळे कोपऱ्यात बसणाऱ्याकडे माझं लक्ष आधी जातं हे मान्य.

१९६५ ला लंडनमध्ये वॉटर्स, ड्रमर निक मेसन आणि राइट हे आर्किटेक्चर कॉलेजातले तिघं आणि केंब्रिजहून आलेला बॅरेट असे चौघं जमले. तिथल्या यूएफओ नावाच्या क्लबात भिंतीवर रंगांचे ओघळ फिरायचे आणि खाली हे वाजवायचे, त्यात लोकांना सिडची गिटार आठवते, पण त्याच्या मागे जो ऑर्गन सतत घोंघावत असतो तो राइटचा. १९६७ ला पहिला अल्बम आला आणि वर्षाच्या आत सिड स्टेजवर नुसता उभा राहायला लागला. जानेवारी १९६८ मध्ये गिलमोरला घेतलं, आणि एक दिवस साउथॅम्प्टनच्या शोला जाताना सिडला घ्यायला गाडी वळवायचीच नाही असं ठरलं. राइट तेव्हा सिडबरोबर एकाच घरात राहायचा, तो सिगरेट आणायला जातो असं सांगून बाहेर पडायचा आणि शो वाजवून दुसऱ्या दिवशी परत यायचा. हे त्यानेच नंतर सांगितलंय. एवढ्या एका गोष्टीवर तुमचा अर्धा लेख झाला असता.

मग १९६८ ते ७२, जी वर्षं तुमच्या लेखकाने दोन ओळींत उडवली. माझ्या मते बँड खरा घडला तो तिथेच. गाणी लिहिणाराच गेला म्हटल्यावर हे लांबलचक तुकडे वाजवत बसले, कधी ब्रास आणि कोरस, कधी गाईचा फोटो लावलेलं कव्हर, बरंचसं फसलं पण. आणि मग १९७१ ला 'एकोज' हे गाणं, २३ मिनिटं, रेकॉर्डची अख्खी एक बाजू. सुरुवातीला पाण्याखालून आल्यासारखा तो एकच 'टिंग' येतो ना, तो राइटचा पियानो, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. पुढे आवाजही त्याचा आणि गिलमोरचा मिळून आहे, कुठला कोणाचा हे पटकन कळत नाही.

'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमबद्दल (१९७३) लेखात वॉटर्सच्या शब्दांवर बरंच आहे, ठीक, शब्द भारीच आहेत. पण त्यातल्या 'अस अँड देम' गाण्याची चाल राइटने आधी अँतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी केली होती, ती नाकारली गेली आणि तशीच पडून होती. 'ग्रेट गिग इन द स्काय'चे कॉर्ड्स पण त्याचेच, त्यावर क्लेअर टॉरी ही सेशन सिंगर शब्दांशिवाय गायली, मानधन ३० पौंड, गाण्याच्या श्रेयात तिचं नाव राइटच्या नावाशेजारी लागायला २००५ साल उजाडलं आणि तेही कोर्टात गेल्यावर. अल्बम मात्र अमेरिकेच्या चार्टवर १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे होता.

१९७९ ला 'द वॉल' अल्बमच्या वेळी वॉटर्सने राइटला बँडमधून काढलं. का, तर काही देत नाही म्हणून. वॉटर्सचं अगदीच चूक होतं असं नाही, राइट तेव्हा खरंच गप्प गप्प होता. पण नंतरच्या टूरला कीबोर्डला हवा म्हणून त्यालाच पगारावर ठेवला, आमच्या भाषेत सांगायचं तर मालक होता तो नाइटवर, म्हणजे रोजंदारीवर आला! आणि गंमत बघा, स्टेजचा सेट एवढा अवाढव्य होता की टूर तोट्यात गेली, तोटा उरलेल्या तिघांनी भरला आणि पैसे घेऊन घरी गेला तो एकटा राइट. १९८३ च्या अल्बममध्ये तो नाहीच, आणि तो अल्बम ऐकताना खोलीतलं फर्निचर हलवल्यासारखं वाटतं, आवाज नुसता घुमतो.

पुढचं थोडक्यात, १९८५ ला वॉटर्स बाहेर, १९८७ ला राइट परत पण पगारीच, १९९४ च्या 'डिव्हिजन बेल'मध्ये पुन्हा चाली त्याच्या आणि एका गाण्यात आवाज पण. २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्ससकट चौघं पुन्हा एकदाच एकत्र वाजले. २००७ ला वॉटर्स मुंबईत आला तेव्हा आम्ही चार मित्र नाशिकहून गेलो होतो, 'डार्क साइड' पूर्ण वाजवला, 'ग्रेट गिग' सुरू झाल्यावर मी कीबोर्डकडे बघत बसलो, तिथे दुसराच माणूस. राइट तेव्हा हयात होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॅन्सरने गेला. त्याने १९९३-९४ मध्ये वाजवून ठेवलेल्या तुकड्यांवरून २०१४ ला बँडचा शेवटचा अल्बम उभा राहिला, तो तुमच्या यादीत नाही.

राहिला फोटो. डावीकडून दुसरा, मिशीवाला, तो राइट नाही, निक मेसन आहे. राइट टोकाला, निम्मा कापला गेलाय. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल ही विनंती, आणि जमलं तर फोटो पूर्ण छापा.

आपला,
एक वाचक, नाशिक