दुपारची दोन पानं

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ तशीच बसून होते. "तू लपवलंस" म्हणालीस, ते खरं आहे. डाव्या डोळ्याला काचबिंदू झाल्याचं मला कळून दोन महिने झाले होते. तुझ्या कामाची गडबड, पिल्लूची परीक्षा, म्हटलं थेंब सुरू होऊ देत, डोळ्यातला दाब जरा उतरू दे, मग सांगू. चुकलंच माझं. पण नोकरी टाकून इकडे यायचं जे तू बोललीस, ते मनातून काढून टाक. बाबा आहेत, मी आहे, घर नीट चाललंय. तू रडायला लागलीस की मला पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझ्या डोळ्यांचं. पुन्हा पुन्हा सांगणार नाही, एकदाच सांगते. काचबिंदू घरात असला की सख्ख्या मुलांना आणि भावंडांना त्याचा धोका जास्त असतो. तुला चाळीस पूर्ण झाली. या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. झालं, संपला विषय.

मला कसं कळलं ते तुला नीट सांगितलंच नाही. दुखत काही नव्हतं. लाल नाही, पाणी नाही, काही नाही. दर उन्हाळ्यासारखं मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', काढलं होतं. एक ओळ संपवून डावीकडे यायचे आणि पुढची ओळ सापडायची नाही. तीच ओळ दोनदा वाचायचे, नाहीतर मधली एक सुटायची. लक्ष्मीबाई तोडून बोलायला लागल्या की काय असं वाटायचं, आणि मग कळायचं की मीच एक ओळ गाळली आहे. वाटलं, नंबर बदलला असेल. चष्मा नवा केला, तरी तेच. मग ओळीखाली दादाची शाळेतली पट्टी ठेवून वाचायला लागले. डावीकडचा पाण्याचा पेला दोनदा सांडला तेव्हा बाबा म्हणाले, आता मात्र डॉक्टरकडेच चल.

डावा दाब 27 निघाला. साधारण 10 ते 21 असावा लागतो म्हणे. मग एका अर्धगोल पेटीत तोंड घालून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काहीच लुकलुकेना. मला वाटलं, मशीन थांबलं. मशीन चालूच होतं गं, मला दिसत नव्हतं. त्या पेटीत बसल्या बसल्या पहिल्यांदा भीती वाटली, आणि आठवण तुझी आली. माझी आईसुद्धा शेवटी शेवटी दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायची. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. तिचे डोळे कोणी तपासलेच नाहीत.

म्हणून सांगते, जाऊन ये. आणि नुसता दाब बघून परत येऊ नकोस. दाब बरोबर असूनही काही जणांना हा त्रास होतो, म्हणून डोळ्याच्या मागची नसही बघायला सांग. गेलेली नजर परत येत नाही, पण राहिलेली थेंबांनी सांभाळता येते. वेळेवर कळलं तर पुष्कळ सांभाळता येते. तू दिवसभर पडद्यासमोर असतेस, रात्री पुन्हा फोन, झोप पाच तास, जेवायची वेळ नाही. शरीर काही आपलं ऐकत बसत नाही, त्याची किंमत... बघ, पुन्हा सुरू झाले. तू काय लहान आहेस. माफ कर मला. पडद्याचा आणि याचा संबंध नाही हेही डॉक्टरांनी सांगितलंय, तो राग माझा जुनाच आहे.

तुझ्या दुपारी आठवतात. जेवणं झाली की पडदे ओढून आपण तिघं फरशीवर पालथे पडायचो, पुस्तक मध्ये, आणि एक एक पान आळीपाळीने. झोपेल त्याचं पान गेलं. दादा तिसऱ्या पानाला झोपायचाच, आणि तू त्याचं पान वाचून आपलं पुन्हा वाचायचीस. 'बनगरवाडी' आपण अशी पाच दुपारी वाचली. शेवटी दुष्काळ पडतो, धनगर आपापली मेंढरं घेऊन निघून जातात आणि गाव रिकामं होतं. ते पान तुझ्या वाट्याला आलं होतं. तू सगळं वाचलंस, आवाज जरासुद्धा हलला नाही, पुस्तक मिटून ठेवलंस आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. संध्याकाळी मी भांडी घासत होते तेव्हा येऊन विचारलंस, "आता मास्तर कुणाला शिकवणार?" मला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला तो प्रश्न पडला, याचा मला किती अभिमान वाटला होता ते तुला कधी बोलून दाखवलं नाही.

आणि कार्व्हर! वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचून तू गॅलरी ताब्यात घेतलीस. 1896 साली हे शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर अमेरिकेतल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला पोचले तेव्हा प्रयोगशाळा नव्हतीच, त्यांनी मुलांना घेऊन उकिरड्यातून बाटल्या, बरण्या, तारा गोळा केल्या आणि त्यातून उभी केली. तूही औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडल्यास, प्रत्येकीवर चिकटपट्टीवर नंबर. एक दिवस पाहुणे येणार म्हणून मी त्या सगळ्या टाकून दिल्या. तू ओरडली नाहीस. नुसती झाडू घेऊन राहिलेली काच गोळा केलीस. आज तू प्रयोगशाळेत मुलांना शिकवतेस, लोक मला म्हणतात तुमच्यामुळे. मला त्या बाटल्या आठवतात. टाकायला नको होत्या.

घरचं सांगायचं तर रात्री नऊला बाबा थेंब घालतात. पहिले काही दिवस गालावरच पडायचे. आता मी मान मागे टाकते, ते खालची पापणी ओढतात, एक थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. ती दोन मिनिटं बाबा घड्याळाकडे बघत मोठ्याने मोजतात. एकही दिवस चुकलेला नाही. हे लिहिताना मला बरं वाटतंय, तुलाही वाटेल.

आणि एक गंमत ऐक. दुपारी आता बाबा वाचून दाखवतात. आयुष्यात वर्तमानपत्राखेरीज काही वाचलं नाही त्या माणसाने. रोज दोन पानं. अडखळतात, स्वल्पविरामाला थांबत नाहीत, कुणाचं बोलणं कुठे संपलं ते त्यांना कळत नाही. पण परवा 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंचे नवरे, नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई एकट्या पडल्या तिथे आले, आणि वाचता वाचता थांबले. म्हणाले, "ही बाई पाच वर्षं कशी राहिली गं?" मग चष्मा पुसला आणि सांगितलं नव्हतं तरी तिसरं पान वाचलं. लक्ष्मीबाईंना अक्षर नवऱ्यानेच शिकवलं होतं. इतके उन्हाळे हे पुस्तक वाचलं, पण त्या एका गोष्टीपाशी मी इतकी कधी थांबले नव्हते.

मला उजव्या डोळ्याने चांगलं दिसतं. पट्टी ठेवली की एका वेळी चार पानं होतात. भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. पहाटे जाग आली की एक डोळा झाकून कपाटातल्या पुस्तकांची पाठीवरची नावं वाचून बघते. कालची सगळी वाचता आली.

सुट्टीत पिल्लूला पंधरा दिवस पाठव. कपाटाचा खालचा खण त्याच्यासाठी रिकामा केलाय, तुझी पुस्तकं त्यातच ठेवली आहेत. त्याला वाचायचा कंटाळा आहे असं तू म्हणतेस. मी त्याला वाच म्हणणार नाही. आजीला पुढची ओळ सापडत नाही, एवढंच सांगेन.

दादाशीही बोलले. तो शनिवारी डोळे तपासायला जातोय. तू कधी जातेस?

आशीर्वाद,
आई

ता. क. जाशील तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नकोस. नस बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. कुणाला तरी बरोबर ने. काय म्हणाले ते त्याच दिवशी कळव, दोन महिन्यांनी नको.