खताच्या पोत्यावर चार ओळी मराठीत छापा की

मा. संपादक साहेब, स.न.

गच्चीवरच्या बागेचं वेड आता कोल्हापुरात चांगलंच पसरलंय, राजारामपुरीत बघा नाहीतर पाचगाव-कळंब्याच्या नव्या अपार्टमेंटात बघा, गच्चीवर ड्रम, फुटक्या बादल्या, ग्रो बॅग, आणि रिटायर मंडळी सकाळचा चहा झाला की त्यातच हात घालून बसलेली. चांगलंच आहे ते, ओल्या कचऱ्याचं खत घरात झालं तर घंटागाडीवरचा भार तेवढा कमी होतोय. पण त्या खतात जे जिवाणू असतात त्यातले काही माणसाला आजारी पाडू शकतात हे कुणीच सांगत नाही, ना विकणारा, ना ग्रुपवर "१०० टक्के नैसर्गिक" म्हणून फॉरवर्ड करणारा. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषाचा त्रिकोण छापावाच लागतोय, म्हणून शेतकरी निदान एकदा तरी दबकतो. खताच्या पिशवीवर काय, तर गुलाबाचा फोटो.

मी बोलतोय ते मुख्यतः लेजिओनेला नावाच्या जिवाणूबद्दल. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचा मेळावा भरला होता, तिथं न्यूमोनियाची साथ आली आणि बरीच माणसं गेली, त्यावरनं हे नाव पडलं. तो प्रकार एसीच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यातनं पसरतो हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतंय. पण त्याचाच एक भाऊबंद आहे, लेजिओनेला लाँगबीचे, तो पाण्यापेक्षा कंपोस्टमध्ये आणि कुंडीच्या तयार मातीत जास्त सापडतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण ऑस्ट्रेलियात न्यूमोनियाचे पेशंट वाढले, शोध घेत घेत डॉक्टर लोक पोचले ते थेट कुंडीच्या मातीच्या पिशवीपर्यंत. नंतर जपानमधल्या कुंडीच्या मातीतही सापडला, २०१३ मध्ये स्कॉटलंडमध्ये बागकाम करणाऱ्यांचे पेशंट निघाले, आणि न्यूझीलंडमध्ये तर लेजिओनेलाच्या आजारात याचाच नंबर वरचा, तोही तिथला वसंत-उन्हाळा लागला की, म्हणजे लोक बागेत उतरतात तेव्हा. तिथल्या पिशव्यांवर म्हणूनच इशारा छापलेला असतो की बाबा उघडताना मास्क लावा, हातमोजे घाला, धूळ नाकात घेऊ नका.

त्यांच्याकडं झाडाच्या सालीचं, लाकडाच्या भुश्शाचं कंपोस्ट असतंय आणि आपल्याकडं शेणखत-कोकोपीट, मग आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. जिवाणूला ओल, ऊब आणि कुजणारा पालापाचोळा लागतो, यातलं काय कमी आहे आपल्याकडं? प्लास्टिकचं पोतं उन्हात गच्चीच्या कोपऱ्यात महिना महिना तोंड बांधून पडलेलं असतंय, आत घाम सुटलेला, आणि मग एखाद्या रविवारी ते फाडून चाळायला घेतात. चाळणं हाच सगळ्यात वाईट भाग. कोरडं खत चाळणीवर हलवलं की जी बारीक धूळ उडते ती सरळ छातीत जाते, आणि बहुतेक जण ते जिन्याखाली नाहीतर बंद पार्किंगमध्ये करतात, गच्चीवर वारं फार म्हणून.

आणि ते वास घ्यायचं. खत तयार झालं का बघायचं तर मूठभर घेऊन नाकाला लावायची, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला की झालं तयार, हे सगळीकडं शिकवतात. वासाची खूण खरीच आहे, मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ बनवतात त्याचा तो वास. पण अहो तयार खताचा वास हातभर लांबनंही येतोय, मूठ नाकात कोंबायची काही गरज नाही.

घरच्या बादलीतल्या खताचं आणखी एक. मोठ्या प्रकल्पात ढीग ५५ अंशाच्या वर तापवून तसाच काही दिवस ठेवतात, वरखाली करतात, त्या उष्णतेनं शेणातले, कचऱ्यातले बरेचसे रोगजंतू मरतात. आपली बादली एवढी तापतच नाही, कोमट होते फार तर, वस्तुमानच नाही तिला तेवढं. त्यामुळं कच्च्या शेणातला ई. कोलाय, साल्मोनेला तसाच राहू शकतो. झेंडूला घातलं तर हरकत नाही, पण शेण-गोमूत्राचं जीवामृत पंपानं कोथिंबिरीवर मारायचं आणि दुसऱ्या दिवशी तीच कोथिंबीर नुसती झटकून मिसळीवर टाकायची हे काय बरोबर नाही. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा नियमच आहे, कच्चं शेण घातलं तर मातीला लागणारं पीक १२० दिवस काढायचं नाही. कोथिंबीर तर दीड महिन्यात संपते, म्हणजे तिला कच्चं शेण नकोच. मातीतनं, पंपानं, कसंच.

आता कोल्हापुरात एक उत्तर हमखास मिळतंय, "आम्ही मातीत वाढलोय, आम्हाला काय होतंय!" तालमीचं उदाहरण तर ठरलेलंच, हौद्यातल्या लाल मातीत पैलवान लोळतो की, त्याला कुठं न्यूमोनिया होतोय. अहो तो गडी विशीतला, छाती भरलेली, आणि त्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती राखलेली असते, उकिरड्यावरनं आणून टाकत नाहीत. गच्चीवर खत चाळतोय तो माणूस साठी ओलांडलेला, शुगरची गोळी चालू, निम्म्यांनी तीस वर्षं बिडी-सिगरेट ओढलेली, कुणाला दमा, कुणी संधिवातासाठी स्टिरॉइड घेतोय. लेजिओनेला नेमकी हीच माणसं गाठतो, पन्नाशीच्या पुढची, फुप्फुसं कमजोर असलेली, प्रतिकारशक्ती कमी झालेली. तरण्या माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही हे खरंच आहे, म्हणून तर कुणाचा विश्वास बसत नाही.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती आहे, आगाऊपणा वाटला तर माफ करा. खताशी संबंध आल्यावर दोन दिवसांपासून दहा-बारा दिवसांपर्यंत कधीही ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला, मग धाप, काही जणांचं तर बोलणंही असंबद्ध होतं. एवढ्या दिवसांनी पेशंटलाच आठवत नाही की आपण खत चाळलं होतं, तो कशाला सांगेल, तुम्ही विचारलंत तरच कळणार. आणि अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं यावर चालत नाहीत कारण हा जिवाणू आपल्याच पेशींच्या आत लपून वाढतो, त्याला अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं आत शिरणारं औषध लागतंय. लघवीची जी झटपट टेस्ट आहे ती पाण्यातल्या लेजिओनेलाचा एकच प्रकार पकडते, खतातला हा तिच्यात येतच नाही, त्यासाठी बेडक्याची पीसीआर नाहीतर कल्चर करावं लागतं. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी प्रश्न सुटला असं नाही. एकाचं दुसऱ्याला सहसा लागत नाही, तेवढं बरं, घरात कुणाला वाळीत टाकायचं कारण नाही.

मातीतले बाकीचे पाहुणेही आहेतच. धनुर्वाताचे जंतू शेणात-मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात, तर गुलाबाचा काटा रुतला की "काय नाही होत" म्हणण्याआधी शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा, दर दहा वर्षांनी डोस लागतो. शेजारी कर्नाटकच्या किनारपट्टीला पावसाळ्यात मेलिऑइडोसिस नावाचा जिवाणूंचा आजार दिसतो, तोही मातीतनं आणि गढूळ पाण्यातनंच येतो, शुगर असलेल्यांना जास्त, आणि टीबी समजून उपचार चालू होतात कधीकधी. गुऱ्हाळाकडची बुरशी आलेली चिपाडं फुकट मिळतात म्हणून आच्छादनाला आणणारेही आहेत आपल्यात, ती कोरडी फोडू नका, साखर कारखान्यातल्या भुश्शाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा बगॅसोसिस हा आजार याच सडक्या चिपाडातल्या जिवाणूंमुळं होतो.

घाबरून बाग बंद करा असं मी म्हणत नाही, माझी स्वतःची वांगी-टोमॅटो गच्चीवर जोरात चालू आहेत. करायचं ते सोपं आहे आणि फुकटातलं आहे. पिशवी कात्रीनं कापायची, तोंड लांब ठेवून, उघड्यावर. आधी पाणी शिंपडून खत ओलसर करायचं, पण पाइपचा फवारा जोरात मारायचा नाही, त्यानं उलट तुषार उडतात, झारीनं हळू. मास्क घरात पडलेलेच आहेत कोरोनाचे, कापडापेक्षा एन-९५ असला तर उत्तम. हातमोजे, आणि काम झालं की साबणानं हात, मगच तंबाखूची पुडी नाहीतर चहाचा कप. मळलेल्या हातानं मिशी पुसायची सवय असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं.

माझी मागणी एवढीच की हे जे मी एवढं लांबण लावून लिहिलं ते खताच्या पिशवीवर चार ओळीत, मराठीत, मोठ्या अक्षरात छापलेलं असावं. नर्सरीवाले सुटं खत देतात त्यांनी दारात बोर्ड लावावा, पालिकेकडनं किंवा एखाद्या संस्थेकडनं कंपोस्टच्या बादल्या वाटल्या जातात तेव्हा सोबत चिठ्ठी द्यावी. छापायला काय खर्च येतोय, गुलाबाचा फोटो जरा बारका केला की जागा होतेय. आणि तुम्ही पुरवणीत बागेवर लिहिता तेव्हा "खत चाळून घ्यावे" याच्या आधी "पाणी शिंपडून, मास्क लावून" एवढे शब्द घातलेत तरी पुष्कळ झालं, पावसाळ्याच्या तोंडावर सगळे कुंड्या भरायला बसतील त्याच्या आधी घाला म्हणजे झालं.

आपला,
एक नेहमीचा वाचक, कळंबा रोड, कोल्हापूर