रविवारी येताना एका जागेची गोष्ट घेऊन या

सर्वांना नमस्कार, रविवारच्या भेटीची आठवण करून देतोय. यावेळी माहिती नकोय, गोष्ट हवीये, म्हणजे तुमच्या आयुष्यातली एखादी जागा, झाड असेल, ओढा, विहीर, जिना, काहीही, आणि तिथं तुमच्यासोबत काय घडलं ते, दोन-तीन मिनिटांत. "जागा खूप सुंदर होती" एवढंच नको प्लीज. पायरीचा कुठला दगड हलायचा, संध्याकाळी तिथं कोण येऊन बसायचं, पहिल्या पावसात कसला वास यायचा असं सांगा, ऐकणाऱ्याला जागा त्यातूनच दिसते.

माणसांचं जागेशी, झाडाशी नातं कसं जुळतं, याचं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या पालिकेनं २०१३ च्या आसपास शहरातल्या सुमारे ७०,००० झाडांना ईमेल आयडी दिले, हेतू एवढाच की फांदी तुटली वगैरे तर लोकांनी कळवावं, आणि लोकांनी झाडांना चक्क प्रेमपत्रं लिहिली! नुसते 'झाडे वाचवा'चे बोर्ड लावून असं नातं जुळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

गोष्ट झाली की त्या जागेला आज काय हवंय तेही सांगा, साफसफाई, पाणी, कुंपण, जे असेल ते, पुढचं काम त्यातूनच ठरवू. घरातल्या मोठ्यांची गोष्ट आणलीत तरी चालेल, फक्त रेकॉर्डिंग करायच्या आधी त्यांना विचारा. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर व्हॉइस नोट टाका.