कॉफी एनिमा: धोका कॉफीपेक्षा पाण्यात जास्त

प्रति,
माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,

पिशवी किंवा बादली, नळी, चिमटा आणि कमी भाजलेल्या कॉफीचे पाकीट. 'यकृतशुद्धी'च्या नावाखाली हा संच ऑनलाइन कुणालाही मागवता येतो. गुदद्वारावाटे सुमारे लिटरभर कॉफी मोठ्या आतड्यात सोडायची (हाच कॉफी एनिमा), बारा-पंधरा मिनिटे आत धरायची आणि हेच रोज करायचे, असा सल्ला दिला जातो. जर्मन-अमेरिकन डॉक्टर माक्स गेरसन यांच्या कर्करोग-पथ्यात तर हे दिवसातून चार-पाच वेळा असते. या पथ्याने कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही.

चर्चा सगळी कॅफीनची होते. गुदाशयातून कॅफीन तोंडावाटेपेक्षा कमीच रक्तात जाते. प्रश्न पाण्याचा आहे. गाळलेली पातळ कॉफी म्हणजे जवळपास बिनक्षाराचे पाणी, आणि मोठ्या आतड्याचे कामच पाणी शोषण्याचे. थांबलेल्या पाण्यातले काही रक्तात शिरते, रक्तातले सोडियम उलट आतड्यातल्या पाण्यात उतरते आणि शौचावाटे पोटॅशियमही वाहून जाते. एखाद्या वेळी मूत्रपिंडे हे सावरून घेतात. दिवसात चार वेळा, तेही आठवडाभर, झाले की हिशेब चुकतो. रक्तातले सोडियम १३५ ते १४५ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटर हवे. ते झपाट्याने १२०च्या खाली गेले तर मेंदूला सूज येते, गुंगी आणि झटके येतात. पोटॅशियम ३.५ ते ५ हवे, २.५च्या खाली पाय उचलत नाहीत, हृदयाचे ठोके बिघडतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर ठोके त्याच्या आधीच बिघडतात.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पोटॅशियम घटले की आतड्याचे स्नायूच ढिले पडतात. पोट फुगते, शौचाला होत नाही, आणि माणूस 'अजून घाण आहे' म्हणून पुन्हा पिशवी टांगतो. मळमळ, थकवा, पायात गोळे ही क्षार घटल्याची लक्षणे. त्यांना 'विष बाहेर पडतंय' म्हणतात. थांबण्याची सूचनाच चालू ठेवण्याचे कारण बनते.

'आपल्याकडे बस्ती आहेच की' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आयुर्वेदातल्या निरूह (काढ्याच्या) बस्तीच्या द्रव्यात सैंधव घालतात आणि ती वैद्य देतो. कॉफीच्या पिशवीत ना मीठ, ना वैद्य.

सिअॅटलच्या परिसरात कॉफी एनिमानंतर झालेल्या दोन मृत्यूंची नोंद १९८० साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आली. त्यानंतर गुदाशय भाजल्याची, आतड्याला सूज आल्याची प्रकरणेही नोंदली गेली. आतल्या आवरणाला बोटासारखा चटका कळत नाही. कॉफी जास्त गरम होती हे रक्त पडल्यावर समजते.

कायदा नवा नको. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या परिशिष्टातले रोग बरे करण्याच्या जाहिराती करायला मनाई आहे, आणि त्या परिशिष्टात कर्करोग आणि मधुमेह दोन्ही आहेत. 'कॉफी हे अन्न आहे, औषध नव्हे' ही पळवाट टिकणारी नाही. रोग बरा करण्यासाठी म्हणून दिलेला कोणताही पदार्थ त्या कायद्यात 'औषध' ठरतो. असे दावे करणारी पाने आणि चित्रफिती आपल्या निरीक्षकांनी तपासाव्यात, विक्रेत्यांसोबत विक्री-संकेतस्थळांनाही नोटिसा द्याव्यात. संचावर मराठीत ठळक इशारा हवा: मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा आतड्याचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी वापरू नये.

आणखी एक विनंती आरोग्य विभागाकडे पोहोचवावी. गुंगीत किंवा झटके येऊन आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी: एनिमा घेतला होता का, कशाचा, किती वेळा? लाजेने हे कुणी आपणहून सांगत नाही. उत्तर 'हो' आले तर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ईसीजी लगेच करावा. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिले तरी वर येत नाही. झटके थांबले की सोडियम भरून काढण्याची घाई नको. २४ तासांत ८ मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त चढले तर मेंदूच्या मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

आपले,
अतिदक्षता व पोटविकार विभागांत काम करणारे डॉक्टर