किनाऱ्यावरच्या बागेत उंडी का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावात समुद्राला लागून नवीन गार्डन होतंय. प्लॅन बघितला तर पेव्हर ब्लॉक, लॉन, फॅन्सी पाम आणि एक कारंजं, झालं. उंडीचं झाड नाही, सुरंगीचं नाही, साधी बकुळसुद्धा नाही. विचारायला गेलो तर म्हणाले, काका हे डिझायनरने केलंय, तुम्हाला त्यातलं काय कळतंय. खरंय, मी रिटायर पोस्टमन, माझ्याकडे कुठली डिग्री.

पण डिग्री सॅम्युअल व्हॉनकडे पण नव्हती. हा लंडनचा व्यापारी, बागांचा नुसता नाद असलेला (पैसा जमैकातल्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा, तेही सांगितलंच पाहिजे). साठी उलटल्यावर १७८३ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला आणि १७८५ मध्ये तिथल्या स्टेट हाऊसच्या मागचं आवार त्याने आखलं. हे तेच स्टेट हाऊस जिथे १७७६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि १७८७ ला राज्यघटना लिहिली गेली. तिथे त्याने सरळसोट चौकोन न पाडता वळणावळणाच्या वाटा काढल्या. पण मला आवडलं ते वेगळंच, त्याला त्या आवारात अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांतली, तिथे जगतील अशी सगळी झाडं-झुडपं लावायची होती आणि त्यासाठी तो हम्फ्री मार्शल या झाडांच्या जाणकाराला पत्रं लिहीत होता. इंग्लंडचा माणूस, पण बाग अमेरिकेच्याच झाडांची हवी म्हणतो! आणि आपण इथलेच असून पाम आणतो.

१७८७ मध्ये तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या (पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला तो) माऊंट व्हर्नन या घरी जाऊन आला, तिथल्या घर-बागेचा नकाशा काढून पाठवला. वॉशिंग्टनने उत्तरात छान म्हटलं, पण चूकही दाखवली, की तुम्ही गेटकडचा देखावा झाडांनी बंद केलाय, प्रत्यक्षात तिथून लांबचं रान मोकळं दिसतं. त्या बागेतली बरीच झाडं वॉशिंग्टनने स्वतःच्याच रानातून उपटून आणून लावलेली, नर्सरीचं बिल नाही की काही नाही.

आता आमचं लॉन एप्रिल-मेमध्ये कुठलं पाणी पिणार? तेव्हा विहिरी तळाला जातात, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. उंडी खाऱ्या वाऱ्यात, वाळूत आरामात उभी राहते, पूर्वी घरोघरी दिवा तिच्याच तेलावर जळायचा. सुरंगी फुलली की अख्ख्या वाडीला वास. कडेला जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) घातला, आत दोन-चार रातांबे (कोकमाची झाडं) लावले की पोरं सावलीत खेळतील, आणि समुद्र दिसायची बाजू तेवढी मोकळी सोडा. रोपं दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारता येतील, माहिती तरी नक्की मिळेल.

खड्डे पावसाआधी मारून ठेवावे लागतात, म्हणून पत्र जरा लवकर छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक जुना वाचक, दापोली तालुका