तक्रार: गेटवेजवळचे सेन्सर मरतात, लांबचे ठणठणीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: द्राक्षबागेतील वायरलेस सेन्सर संच पुन्हा बंद पडल्याबाबत

तुमच्या सेवा केंद्रातल्या माणसाशी बोलून आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

सगळ्या सेन्सरचा डेटा गोळा करणारा गेटवे पंपघरावर आहे, त्याला लागून असलेले नोड (सेन्सरचे डबे) ४ आणि ५ पुन्हा मेले. बागेच्या पार टोकाच्या नोड १९ ची बॅटरी अजून ८७ टक्क्यांवर आहे, पण त्याचं रीडिंग येत नाही, कारण त्याच्या डेटाची वाट ४ वरून जाते. ॲपमधला 'पॅरेंट', म्हणजे कोण कोणामार्फत डेटा पुढे पाठवतो, हा रकाना उघडून बघा, जवळजवळ प्रत्येकासमोर ४! अख्ख्या बागेचा डेटा त्या एकट्याने वाहायचा, मग तोच आधी बसणार.

हे सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणतो, "साहेब, पंपाजवळ ओल जास्त, म्हणून बॅटरी लवकर उतरते." म्हटलं, बॅटरी ओलीने नाही उतरत, डेटा पाठवणाऱ्या रेडिओने उतरते. "मग सेन्सर बंद करून परत चालू करा." अहो, त्या डब्याला बटणच नाही, तुम्हीच तो सीलबंद देता. यावर जरा थांबून, "मग पाणी कमी सोडून बघा." ऐन मणी फुगवणीत! पाणी किती द्यायचं ते कळावं म्हणून सेन्सर घेतले, आता सेन्सर जगावा म्हणून बागेचं पाणी तोडू? धन्य आहे.

मुख्य नोडचं काम आळीपाळीने फिरवायचं, म्हणजे एकाचीच बॅटरी संपत नाही, ही 'लीच' पद्धत एमआयटीतल्या संशोधकांनी २००० साली मांडली. तुमचं फर्मवेअर, म्हणजे नोडच्या आतलं सॉफ्टवेअर, उरलेली बॅटरी बघतच नसावं. ४ नंबर १२ टक्क्यांवर आला, शेजारचा ७ धडधाकट होता, तरी एकाही नोडने वाट बदलली नाही. बॅटरीचा आकडा ॲपवर रंगवून दाखवता, तो वाट ठरवताना वापरायला काय हरकत आहे?

माहितीपत्रकात 'बॅटरी ५ वर्षे' असं ठळक छापलंय. नोड १९ ची टिकेल, मान्य.

मेलेले नोड फुकट बदलून द्या, फर्मवेअर सुधारा आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गेटवे बसवा. नुसत्या आळीपाळीने गेटवेभोवतीचा भार पुरता हटत नाही, हे तुमच्या इंजिनिअरांना ठाऊक असेलच. डबा सीलबंद आहे, तेव्हा "बॅटरी वॉरंटीत येत नाही" हे पुन्हा ऐकवू नका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. शेजारच्या बागायतदारांना तुमचा संच घ्या म्हणून मीच सांगत होतो, ते आजपासून बंद.

एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक